रक्त वाहतं, मग ती ऊती कशी?

कृष्णाकाठची (सोमवार, रात्री ९:४०)

मुलगी नववीत आहे. संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा ती विज्ञानाचं पुस्तक घेऊन ओट्याजवळ आली. "आई, ऊती म्हणजे एकसारख्या पेशींचा समूह ना?" म्हटलं, हो. "मग रक्त ही ऊती कशी? ते तर वाहतं. समूह म्हटला की तो एका जागी नको का?"

बारावीपर्यंत मी सायन्सला होते. पेशी, ऊती, अवयव, संस्था हे मलाही पाठ होतं, अजून आहे. पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. "पुस्तकात संयोजी ऊतींखाली दिलंय ना, तसंच लिही," असं म्हणून मी मोकळी झाले. ती काही बोलली नाही, वही उघडून लिहायला लागली. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. पोरीनं विचार करून विचारलं होतं आणि मी तिला घोकायला लावलं.

गेल्या वर्षी शाळेत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. "विटांची भिंत दिसली, प्रत्येक विटेत एक ठिपका," असं घरी येऊन सांगत होती. ऊती म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं तीच भिंत येते. त्या भिंतीत रक्त कसं बसवायचं, हे मला कुणी समजावून सांगेल का? म्हणजे उद्या तिला माझ्या शब्दांत सांगता येईल.

स्लाईडवाला (सोमवार, रात्री १०:२५)

ताई, मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, नाशिकला. रक्ताशिवाय माझा एक दिवस जात नाही. तुम्हाला दोन गोष्टी सांगतो, दोन्ही डोळ्यांनी बघण्यासारख्या आहेत.

पहिली. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. त्यात रक्त घेऊन ट्यूब स्टँडला नुसती उभी ठेवली तरी तासाभरात वरच्या बाजूला पिवळसर पाणी सुटायला लागतं. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे ट्यूब गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवली तर काही मिनिटांत तीन थर स्वच्छ वेगळे होतात. वर गव्हाच्या काडीच्या रंगाचा प्लाझ्मा, साधारण ५५ टक्के. खाली गडद लाल गाळ, सुमारे ४५ टक्के. आणि दोन्हींच्या मधे कागदाच्या कडेएवढी बारीक पांढुरकी रेघ. आम्ही तिला बफी कोट म्हणतो. शरीराची सगळी फौज त्या रेघेत असते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स. नवीन मुलं लॅबमध्ये आली की मी आधी त्यांना ती रेघ दाखवतो.

दुसरी. काचेवर रक्ताचा एक थेंब घ्यायचा, दुसऱ्या काचेची कड त्याला तिरकी टेकवायची, थेंब कडेनं पसरला की एका दमात पुढं ओढायची. जिभेच्या आकाराचा पातळ थर बसतो. वाळवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली घेतला की मुलीची भिंत नसेल, पण पेशी मात्र खच्चून दिसतील. मोहरीएवढ्या रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५० लाख असतात. मधे फिकट, कडेला गडद, दोन्ही बाजूंनी दाबलेल्या कणकेच्या गोळीसारख्या.

आता मूळ प्रश्न. संयोजी ऊतींमध्ये पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्या सुट्या असतात आणि त्यांच्या मधे काहीतरी भरलेलं असतं. ती ऊती कशी होणार हे त्या मधल्या द्रव्यावर ठरतं. हाडात ते कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या क्षारांनी कडक झालेलं असतं. कानाच्या पाळीच्या वर जी कूर्चा लागते, तिच्यात ते रबरासारखं असतं. रक्तात ते प्लाझ्मा आहे आणि प्लाझ्मात ९० टक्क्यांच्या वर पाणी. म्हणून रक्त वाहतं. हाड, कूर्चा, रक्त ही भावंडं आहेत, मधला माल तेवढा वेगळा.

मुलीला सांगा, भिंतीत विटेला वीट लागून असते, तशी अभिस्तर ऊती, म्हणजे अवयवांच्या अस्तराची. संयोजी ऊती म्हणजे काँक्रीट, खडी सुटी आणि मधे सिमेंट. रक्त हे कधीच न सुकणारं काँक्रीट आहे.

रानपाखरू (सोमवार, रात्री १०:४८)

काँक्रीट डोक्यात बसलं! पण तांबड्या पेशीत केंद्रक नसतं असं वाचलंय. मग तिला पेशी तरी का म्हणायचं?

स्लाईडवाला (सोमवार, रात्री ११:०२)

कारण ती जन्मते तेव्हा केंद्रक असतं. हाडाच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, ती तयार होते आणि रक्तात उतरण्याआधी केंद्रक बाहेर टाकून देते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकाही टाकते. सगळी जागा हिमोग्लोबिनला. त्या बदल्यात तिला स्वतःची डागडुजी करता येत नाही, म्हणून ती सुमारे १२० दिवसच टिकते. मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला २० लाखांच्या वर नव्या तांबड्या पेशी बनतात, तेव्हा कुठं हिशोब जुळतो. कोंबडीच्या रक्ताची स्लाईड पाहिली तर तांबड्या पेशी लांबट आणि प्रत्येकीत केंद्रक ठळक. सहसा सस्तन प्राण्यांतच ते टाकलं जातं.

मास्तर राजापूर (मंगळवार, सकाळी ६:१५)

कृष्णाकाठच्या ताई, मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. तुमच्या मुलीसारखा प्रश्न माझ्या वर्गात फार कमी वेळा आला, आणि याचा दोष मी शिकवण्याला देतो, मुलांना नाही. फळ्यावर शिडी काढायची, चार पायऱ्या लिहायच्या, तास संपला. पेशीला एक अख्खा धडा, पचनसंस्थेला एक अख्खा धडा. मधली ऊती मात्र व्याख्या आणि प्रकारांपुरती. खरं तर शरीर समजतं ते त्याच पायरीवर.

आधी शब्द बघा. संस्कृतात 'वे' म्हणजे विणणं. त्यापासून 'ऊत' म्हणजे विणलेलं. आपण 'ओतप्रोत' म्हणतो त्यातही हाच धागा आहे, आडवा आणि उभा. ऊती म्हणजे वीण. फ्रेंचमध्येही या पायरीला जो शब्द पडला त्याचा अर्थ विणलेलं कापड असाच.

तो शब्द शरीरशास्त्रात रूढ केला पॅरिसच्या झाव्हिए बिशा या तरुण डॉक्टरनं. त्यानं शेकडो शवं उघडली. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता, तेव्हाच्या भिंगांतून दिसायचंही धूसर. त्यानं काय केलं, तर शरीराचे तुकडे उकळले, वाळवले, कुजू दिले, आम्लात टाकले आणि कोणता तुकडा कसा वागतो ते पाहिलं. हृदयावरचं पातळ आवरण आणि पोटातलं पातळ आवरण सारखंच वागतं, हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणजे अवयव वेगळे, पण वीण एक. अशा २१ ऊती त्यानं वेगळ्या काढल्या. १८०२ साली तो गेला तेव्हा जेमतेम ३० वर्षांचा होता.

क्रम बघा. रॉबर्ट हूकनं बुचाच्या कापात कप्पे पाहिले १६६५ साली. पण वनस्पती पेशींच्या बनतात असं श्लायडेननं म्हटलं १८३८ साली, आणि प्राण्यांच्या बाबतीत श्वाननं १८३९ साली. म्हणजे शरीरात ऊती ओळखल्या गेल्या त्या पेशी-सिद्धांताच्या जवळजवळ ४० वर्षं आधी! आपण शिडी खालून वर शिकवतो. माणूस ती वरून खाली उतरला, आधी अवयव, मग ऊती, मग पेशी. मुलं बाहेरून आत बघतात, तेव्हा मला वाटतं शिकवायचंही वरूनच.

दूरदेशी (मंगळवार, सकाळी ८:३०)

अबुधाबीत बसून वाचतोय. माझी मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांना 'ऊती म्हणजे वीण' हे सांगितलं तेव्हा दोघांनी मान वर करून पाहिलं. मास्तर, मनापासून आभार.

कलमवाला बागायतदार (मंगळवार, दुपारी १:१०)

मास्तरांच्या गावाजवळच माझी रोपवाटिका आहे, हापूसची कलमं करतो. शिक्षण दहावी. पण ऊतींवर माझं पोट चालतं, म्हणून लिहितो.

सध्या कोय कलमाचे दिवस. कोय रुजून दोन-तीन आठवडे झाले, पानं अजून तांबूस कोवळी आहेत, असं रोप घ्यायचं. बोटभर उंचीवर कापायचं आणि मधोमध उभी चीर द्यायची. चांगल्या झाडाच्या काडीला खालून पाचरीसारखा काप द्यायचा, ती चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला की कलम जगलं.

नवीन गडी नेमका एका ठिकाणी चुकतो. काडी बारीक आणि रोप जाड असेल तर तो काडी मधोमध बसवतो. दिसायला सुबक, पण कलम मरतं. एका बाजूची साल सालीला लागलीच पाहिजे. का, तर साल आणि लाकूड यांच्या मधे एक ओलसर बुळबुळीत थर असतो, कागदाहून पातळ. वाढ होते ती त्याच थरात. या झाडाचा थर त्या झाडाच्या थराला टेकला तरच दोन्हीकडच्या पेशी वाढून एकमेकींत गुंततात आणि पाण्याच्या नळ्या जोडल्या जातात. कृषी विद्यापीठाच्या प्रशिक्षणात सरांनी त्याला पार्श्व विभाजी ऊती म्हटलं, तेव्हा कळलं की मी वडिलांकडून शिकलो ती 'सालीला साल' म्हणजे ऊतीला ऊती.

आणि आता माड बघा. माडाचं कलम कुणी केलेलं ऐकलंय? होत नाही. माडाला तो थरच नाही. आमच्याकडं जुन्या माडांना चढायला पाय ठेवण्यापुरत्या खाचा पाडलेल्या आहेत. माझ्या आजोबांच्या हातच्या खाचा आजही तशाच आहेत, भरून आल्या नाहीत. त्याच वेळी आंब्यावर कोयता लागला तर दोन पावसाळ्यांत कडेनं वळी चढून जखम झाकायला लागते. दोन्ही झाडं एकाच आवारात, एकच माती, एकच पाणी. एका ऊतीचा फरक.

मृण्मयी (मंगळवार, दुपारी ३:५५)

बागायतदार काका, मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि माडाच्या खाचांचं उदाहरण मला कुठल्याही वर्गात मिळालं नाही. उद्या माझ्या अकरावीच्या मुलांना सांगणार.

माडावरून आणखी एक. शहाळं फोडल्यावर जे पाणी मिळतं तो बीचा भ्रूणपोष आहे, गर्भाचा शिधा. कोवळेपणी त्यात केंद्रकं मोकळी तरंगत असतात, त्यांना पेशीभित्तिका नसते. फळ जून होत जातं तशी आतल्या कडेनं केंद्रकांभोवती भिंती उभ्या राहतात आणि मलई धरते. मलई म्हणजे पेशींची ऊती, पाणी म्हणजे अजून पेशीत न वाटलेला जीव. पायऱ्या एकीतून दुसरीत कशा जातात हे एकाच शहाळ्यात दिसतं.

स्लाईडवाल्या दादांना मात्र थोडं अडवते. हाडातलं द्रव्य हाडाच्या पेशी स्वतः बनवतात, कूर्चेतलं कूर्चेच्या पेशी. रक्तातला प्लाझ्मा रक्तपेशी बनवतात का? त्यातली बहुतेक प्रथिनं, अल्ब्युमिन आणि फायब्रिनोजेन तर नक्कीच, यकृतात तयार होतात. म्हणजे या काँक्रीटचं सिमेंट दुसऱ्याच कारखान्यातून येतं. मुलीची शंका पूर्ण चुकीची नव्हती, रक्त या घरात थोडं वेगळं आहेच.

स्लाईडवाला (मंगळवार, सायंकाळी ७:२०)

मृण्मयी मॅडम, बरोबर धरलंत. हे मी गाळायला नको होतं. यकृत बिघडलेल्या रुग्णाचा अल्ब्युमिनचा रिपोर्ट खाली आलेला मी रोज बघतो, तरी लिहिताना ध्यानात आलं नाही. रक्ताला संयोजी म्हणतात त्यामागं पेशींचं मूळही आहे. गर्भातल्या मधल्या स्तरातून हाड, कूर्चा आणि रक्त तिन्ही निघतात, आणि जन्मानंतर रक्तपेशी हाडाच्याच पोटात तयार होतात. घराणं एक आहे, पण रक्त जरा वेगळं नांदतं, हे मान्य.

तांबडा-पांढरा (मंगळवार, रात्री ९:०५)

धागा वाचून राहवलं नाही. मी कोल्हापूरची, घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेते, रविवारी वजडीची मागणी असते. अवयव म्हणजे काय हे मला वजडी साफ करताना दिसतं, म्हणून लिहिते. शाकाहारी मंडळींनी हा प्रतिसाद सोडून द्यावा, राग नाही.

वजडी म्हणजे बकऱ्याचं जठर. मोठा भाग उलटा केला की आतून अंग पुसायच्या टॉवेलसारखा असतो, बोटाला लव लागते. त्याच्या शेजारचा छोटा भाग आतून मधाच्या पोळ्यासारखा, सहा कोनांची जाळी. गरम पाण्यात बुडवून, चुना लावून घासलं की काळपट साल सुटून येते आणि खाली पांढरं राहतं. ती सुटणारी साल म्हणजेच आतलं अस्तर, हो ना मास्तर? मग हातात राहतो तो जाड चिवट पट्टा. त्याला ताणलं तर एका दिशेनं लवकर फाटतो, दुसऱ्या दिशेनं फाटता फाटत नाही. बाहेरून परत एक पातळ चकचकीत पापुद्रा. कुकरच्या दहा-बारा शिट्ट्यांशिवाय मऊ होत नाही आणि रस्सा गार झाला की थिजतो.

मास्तर राजापूर (बुधवार, सकाळी ६:०५)

ताई, तुम्ही एका पातेल्यात अवयवाचा अख्खा धडा शिकवलात. चुन्यानं सुटते ती अभिस्तर ऊती. जाड पट्टा म्हणजे स्नायू ऊतींचे थर, धागे दोन वेगळ्या दिशांना, म्हणून तसा फाटतो. त्या दोन दिशा असल्यामुळंच जठर घुसळू शकतं. कुकरमध्ये विरघळून रस्सा थिजवते ती संयोजी ऊती, तिच्यातल्या कोलॅजनचं जिलेटिन होतं. चौथी चेता ऊती तुम्हाला हाताला लागणार नाही. ती स्नायूंच्या थरांमधे बारीक जाळ्यासारखी पसरलेली असते आणि पुढं कधी ढकलायचं, कधी थांबायचं हे सांगते.

एकट्या अस्तरानं पचन होत नाही, एकट्या स्नायूनं होत नाही. चार विणी एकावर एक बसल्या की ते जठर. आणि चारांपैकी एकीचा पोत बदलला की अवयव बदलतो. लहान आतड्यात याच चार ऊती आहेत, पण अस्तराला मिलिमीटरभर लांबीच्या बारीक बोटांसारख्या उंचवट्यांची गर्दी. तिथल्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात, नव्या येतात. आपण सोमवारी जेवतो ते ज्या अस्तरावरून जातं, ते शनिवारी बहुतेक सगळं नवं असतं.

रानपाखरू (बुधवार, सकाळी ९:४०)

मग स्वादुपिंड पचनसंस्थेत की अंतःस्रावी संस्थेत? परीक्षेत दोन्हीकडं येतं.

मृण्मयी (बुधवार, सकाळी १०:१५)

दोन्हीकडं. बहुतेक पेशी पाचकरस आतड्यात सोडतात. त्यांच्या मधे बेटांसारखे छोटे पुंजके आहेत, सुमारे १० लाख, पण वजनानं अवयवाच्या एक-दोन टक्केच. ती बेटं इन्सुलिन थेट रक्तात सोडतात. मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात त्या बेटांमधल्या एकाच जातीच्या पेशी नाहीशा होतात आणि पाचकरस बनवणाऱ्या पेशी बऱ्याचशा शाबूत राहतात. संस्थांच्या रेघा आपण समजण्यासाठी आखल्या आहेत. शरीरात तशी कुंपणं नाहीत.

नेत्रमित्र (बुधवार, रात्री ८:५०)

तीन दिवस वाचतोय. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रपेढीसाठी समुपदेशन करतो. कुणाच्या घरी मृत्यू झाला की तिथं जाऊन नातेवाइकांशी बोलतो. अवयव आणि ऊती हा फरक माझ्या कामात रोज समोर येतो.

आपण 'डोळे दान' म्हणतो, पण रुग्णाला अख्खा डोळा बसवत नाहीत. बसवतात ते पारपटल, डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची. ती ऊती आहे. हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव. १९९४ सालच्या अवयव प्रत्यारोपणाच्या केंद्रीय कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कायद्याच्या नावातच अवयवांच्या जोडीला ऊती हा शब्द घातला गेला.

फरक का, तर अवयवात अनेक ऊती रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावर तगून असतात. रक्त थांबलं की मेंदूच्या पेशी चार-पाच मिनिटांत बिघडू लागतात. काढलेलं हृदय बर्फात ठेवूनही चार तासांच्या आसपास दुसऱ्या छातीत बसावं लागतं. म्हणून हृदयदान सहसा मेंदू मृत झालेल्या, पण व्हेंटिलेटरवर रक्ताभिसरण चालू असलेल्या व्यक्तीचंच होतं, तेही रुग्णालयात. पारपटलात मात्र रक्तवाहिन्या नाहीतच. असत्या तर ते पारदर्शक राहिलं नसतं. त्याला प्राणवायू मिळतो मुख्यतः थेट हवेतून आणि पोषण आतल्या पाण्यातून. त्यामुळं हृदय बंद पडल्यावर सहा तासांपर्यंत ते घेता येतं, अगदी घरी येऊनसुद्धा. त्वचेचंही तसंच. मांडी-पाठीवरून वरचा पातळ थर घेतात, तो ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत टिकतो आणि भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर पांघरता येतो.

पारपटलाच्या सर्वांत आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तिथं प्रत्येक चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे अडीच हजार पेशी. त्या आतलं पाणी सतत बाहेर उपसतात, म्हणून काच स्वच्छ राहते. माणसात त्या पुन्हा वाढत नाहीत. पेढीत आलेल्या प्रत्येक पारपटलाच्या त्या पेशी मोजतात आणि त्यावर ठरतं की ते कुणाला बसवायचं.

एकदा एका घरून फोन आला तो नऊ तासांनी. म्हातारीची मनापासून इच्छा होती, मुलांना वेळेची कल्पना नव्हती. थोरला मुलगा दारात उभा राहून "आता काहीच होणार नाही का?" असं विचारत होता. म्हणून इथं लिहून ठेवतो: पापण्या मिटून घ्या, त्यावर स्वच्छ ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या आणि लगेच फोन करा. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन, यातलं काहीही सहसा आड येत नाही.

तांबडा-पांढरा (बुधवार, रात्री ९:३०)

नेत्रमित्र दादा, आमच्या घरात सासऱ्यांनी फॉर्म भरलाय. पंखा बंद करायचा हे आज कळलं. फ्रिजवर लिहून चिकटवते.

कृष्णाकाठची (गुरुवार, रात्री १०:१०)

तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत. रोज रात्री जेवण झाल्यावर लेकीला मोबाईलवर धागा वाचून दाखवतेय. तिच्या वडिलांनी आज उसाचं कांडं आणून आडवं कापलं. माडासारखंच उसालाही तो थर नाही का, असा तिचा प्रश्न होता. कापावर ठिपकेच ठिपके दिसले, सगळीकडं विखुरलेले, सालीजवळ जास्त. नंतर तिनं परसातल्या शेवग्याची फांदी कापली. त्यात ठिपके नाहीत, साल सुटली आणि खाली ओलसर थर लागला. तो तिनं बोटावर घेऊन मला दाखवला. बागायतदार काका, तिनं तुमच्यासाठी नमस्कार सांगितलाय.

आणि एक. दुपारी सायकलवरून पडून तिचा गुडघा फुटला. संध्याकाळी खपली धरलेली. ती आरशासमोर बसून बघत होती, म्हणाली, "आता हे वाहत नाहीये. मग रक्त घट्ट कशानं झालं? मधलं द्रव्य बदललं का?" स्लाईडवाले दादा, हे तुम्हीच सांगा.

स्लाईडवाला (गुरुवार, रात्री १०:५५)

ताई, तिनं पुन्हा नेमकं विचारलं.

हो, मधलं द्रव्यच बदललं. मृण्मयी मॅडमनी सांगितलं ते यकृतातून आलेलं फायब्रिनोजेन प्लाझ्मात विरघळलेलं असतं. जखम झाली की आधी प्लेटलेट्स भोकाला चिकटतात, मग फायब्रिनोजेनचं फायब्रिन होतं, आणि फायब्रिन म्हणजे धागे. लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये न गोठण्याचं औषध नसतं. अर्ध्या तासात त्यात रक्ताची गुठळी होते. ती आम्ही काडीनं हळूच उचलतो, तेव्हा काडीला बारीक, पांढुरके, चिकट तंतू लागून येतात. सूक्ष्मदर्शकाखाली गुठळी बघितली तर धाग्यांचं जाळं आडवंतिडवं पसरलेलं आणि त्यात तांबड्या पेशी अडकलेल्या दिसतात. मास्तरांनी ऊती म्हणजे वीण असं सांगितलं होतं. तिच्या गुडघ्यावर आज दुपारी खरोखरची वीण पडली.

खपली खरवडू नको म्हणावं. खाली नवी त्वचा कडेकडून मधे सरकतेय.

कृष्णाकाठची (शुक्रवार, सकाळी ७:३०)

वाचून दाखवलं. शाळेला निघताना गुडघ्यावर पट्टी लावू म्हटलं तर नको म्हणाली, वर्गात मैत्रिणींना दाखवायचंय. वहीतलं सोमवारचं उत्तर तिनं खोडलं नाही. त्याच्याखाली पेन्सिलनं काँक्रीटचं चित्र काढलंय, बाजूला जांभळ्या झाकणाची ट्यूब, आणि मधली बारीक पांढरी रेघ पट्टी लावून आखलीय.